डावा वाफा

"औषध मारलेल्या वाफ्यांकडे बाळाला नेऊ नका. म्हाताऱ्या माणसांनाही नको," बाटली हातात देताना कोठारातले काका म्हणाले होते. "याने पानांची तोंडं मिटतात, पाणी आतल्या आत राहतं. माणसाचं काय होतं, ते कुणी बघितलंय?"

"मग साहेबांच्या चहात टाका की दोन थेंब," ती हसली होती. "दिवसभर तोंड बंद."

संशोधन केंद्राच्या मागे तिच्या चाचणीचे दोन वाफे होते, वीस-वीस रोपांचे. डाव्यावर औषध फवारलं होतं, उजव्यावर नुसतं पाणी. त्यानंतर चाळीस दिवस दोघांनाही थेंब द्यायचा नव्हता. ओलावा मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, म्हणून ती रोज भर दुपारी पानंच मोजायची. डावा वाफा तगला तर औषध बाजारात जाणार होतं आणि तिची नोकरी पक्की होणार होती. नाहीतर नोकरी गेली आणि केंद्राने दिलेली खोलीही गेली. नवरा काम शोधायला बाहेर पडला त्याला वर्ष झालं होतं. त्याचा फोन तेवढा यायचा.

"म्हणजे सगळी भिस्त त्या वीस काड्यांवर?" सासूबाईंनी विचारलं. "तुझ्या नवऱ्यापेक्षा बऱ्याच म्हणायच्या. निदान जागेवर तरी आहेत."

टँकर एक दिवसाआड यायचा. माणशी रोज चार लिटर, त्यातच सगळं. बाळ अंगावर पीत होतं, म्हणून सासूबाई तिच्यामागे लागायच्या. "तू पी आधी. तू सुकलीस तर पोर सुकेल."

"आणि तुम्ही, आई?"

"मी पहाटे पाय मोकळे करायला जाते ना. बाटल्या रिकाम्या करूनच येते."

विसाव्या दिवशी उजवा वाफा माना टाकून बसला. तिसाव्या दिवशी त्याचा पाचोळा झाला. डावा हिरवागार. मोठे साहेब दोनदा येऊन फोटो काढून गेले.

त्याच सुमारास सासूबाईंना चक्कर येऊ लागली. ओठ फुटले. बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची.

"पहाटे कुठवर जाता हो तुम्ही?"

"वाफ्यांपर्यंत. हिरवं बघितलं की बरं वाटतं."

"पानांना हात लावता?"

"लावते कधीकधी. चावतात की काय?"

त्या दिवसापासून तिने बाळाला आजीच्या मांडीवर देणं बंद केलं. झोपेत त्याचा श्वास मोजला, नखं पाहिली, ओल्या दुपट्यांची गणती ठेवली. सासूबाई नुसत्या लांबून टाळ्या वाजवून त्याला हसवायच्या.

चाचणीच्या वहीत तिने लिहिलं, 'फवारलेल्या वाफ्याजवळ वावरणाऱ्या वृद्ध स्त्रीला चक्कर, अशक्तपणा.' वाक्य दोनदा वाचलं आणि पान फाडून टाकलं. आणखी सहाच दिवस. मग सांगू.

चाळिसाव्या दिवशी साहेबांनी तिला पक्क्या नोकरीचं पत्र दिलं. औषधाचे ट्रक आधीच भरून उभे होते. गावोगाव निरोप गेला: पावसाची वाट बघू नका, तळ्यात उरलंय त्या पाण्यावर पेरून टाका, पुढचं औषध बघून घेईल.

पत्र घेऊन ती खोलीवर आली तेव्हा सासूबाई उंबऱ्यात पडलेल्या होत्या.

दवाखान्यात तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. औषधाचं नाव, वाफा, फाडलेलं पानसुद्धा. दोन दिवसांनी रक्ताचा अहवाल आला.

"विषाचा मागमूस नाही," डॉक्टर म्हणाले. "यांच्या अंगात पाणीच नाहीये. कित्येक दिवसांपासून. मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत. घरी प्यायला मिळत नव्हतं का?"

"रोजचे चार लिटर. मी स्वतः भरून देत होते."

तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. औषधाचा काही दोष नव्हता. एव्हाना शेवटचा ट्रकही पोहोचला असेल, पेरण्या सुरू झाल्या असतील.

सासूबाईंनी डोळे उघडले. तिचा हात चाचपून धरला.

"अगं, दोन दिवस झाले मी इथे पडलेय," त्या पुटपुटल्या. "जरा जाऊन बघ बाई. त्या डाव्या वाफ्याला कुणी पाणी घातलं नसेल."