खोडलेला भूगोल

"तुमची लेक कशालाच नाही म्हणत नाही, जरा लक्ष ठेवा," असं वर्गशिक्षिका म्हणाल्या, तेव्हा मी हसून म्हटलं होतं, "गुणी आहे हो माझी!"

अकरावीच्या विषयांचा फॉर्म पंधरा दिवसांपूर्वी मीच पुरा केला. तिने लिहिलेला भूगोल खोडून जीवशास्त्र घातलं. "डॉक्टरकीचं दार तरी उघडं राहील. भूगोल घेऊन काय नकाशे विकणार आहेस?"

"चालेल गं आई," म्हणत ती हसलीसुद्धा.

काल फॉर्म द्यायला शाळेत गेले. कारकूनबाईंनी नाव बघून फाइल काढली. "अहो, हिने मागच्याच आठवड्यात भूगोल घेऊन फॉर्म दिला होता. दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःच रद्द केला."

"का? कुणी काही बोललं का तिला?"

त्यांनी रद्द करण्याचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "आई आधीच खूप काळजी करते."

माझा फॉर्म मी पर्समध्ये परत ठेवला आणि विचारलं, "हा अर्ज फाडता येईल का हो?"

तुमच्या घरातही कधीच हट्ट न करणारं मूल असेल, तर हे वाचून होताच जरा त्याच्याजवळ जाऊन बसा.