दौलतचा सदरा

भर दुपारी रघुवीरने चाळीच्या गच्चीवर जिन्याच्या सावलीत फळी मांडली, तिच्यावर निळ्या नकाशांचा कागद पसरला आणि म्हणाला, "वहिनी, द्या लवकर. ऊन लागलं की हा थांबत नाही."

कौसल्याने पिशवीतून नवऱ्याचा सदरा काढून दिला.

दौलत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर जानेवारीत झालेल्या गोळीबारात गेला होता. समितीच्या सभेत हुतात्म्यांच्या तसबिरी लावायच्या होत्या, आणि दौलतचा एकही फोटो नव्हता. लग्नातसुद्धा कुणी काढला नव्हता. शेजारचा रघुवीर माझगावच्या गोदीत जहाजांच्या नकाशांच्या प्रती काढायचा. कॅमेरा त्याच्याकडेही नव्हता. "ऊन अडेल तिथं हा कागद पांढरा राहतो, बाकी निळा होतो," त्याने सांगितलं. "माणूस नाही, पण त्याची वस्तू उमटेल." गिरणीत दौलतच्याच खात्यात काम करणारा आणि आता समितीच्या वतीने गच्चीवर आलेला गुणाजी तेव्हा लगेच म्हणाला होता, "मग सदराच ठेव. गोळीचं भोक आहे त्यात. लोकांना दिसू दे."

रघुवीरने आजवर त्या कागदावर बॉयलर आणि नळ्यांशिवाय काही उमटवलं नव्हतं. त्याने बाह्या सरळ केल्या, कॉलर बसवली. भोक काही सापडेना. छातीवरून हात फिरवला तेव्हा बोटाला जाडसर लागलं.

"रफू केलं," कौसल्या म्हणाली. "त्याच्याच खालच्या दुमडीतला दोरा काढून. कळत नाही ना?"

"नाही कळत," रघुवीर म्हणाला.

गुणाजीने तोंड फिरवलं. "आता काय दिसणार, वहिनी?"

"सदरा दिसेल."

रघुवीरने वर काच ठेवली आणि फळी उन्हात सरकवली. तिघं उन्हात उभे राहिले. खालून गिरणीच्या भोंग्याचा आवाज आला आणि विरला. पिवळट कागद राखाडी झाला तसा रघुवीरने सदरा उचलला आणि कागद पत्र्याच्या टबात बुडवला. पाणी पिवळं झालं. कागद हळूहळू निळा होत गेला.

आणि सदरा वर आला. कापड वापरून विरलं होतं, त्यातून ऊन झिरपलं होतं. त्यामुळे तो फिकट, धुरासारखा उमटला होता. शिवणी तेवढ्या पांढऱ्या होत्या. डाव्या छातीवर करंगळीच्या नखाएवढी जागा मात्र सगळ्यांत पांढरी होती. हाताला लागलं तरच कळणारं रफू कागदावर टाक्या-टाक्याने मोजता येत होतं.

रघुवीरने कागद दोरीवर टाकला. त्याला कौसल्याकडे बघवेना.

गुणाजी बराच वेळ वाकून पाहत होता. "भोकापेक्षा हे जास्त सांगतंय," तो म्हणाला. "सभेत मधोमध लावू."

"नको. हा घरी राहील."

"वहिनी, यादीत नाव आहे त्याचं. लोक त्याला बघायला येतील."

कौसल्याने फळीवरचा सदरा उचलला, नीट घडी घातली आणि गुणाजीच्या हातात दिला.

"त्याला बघायचं तर हा न्या," ती म्हणाली. "त्या फोटोत आम्ही दोघं आहोत."