साहेबांसाठी सडा

टँकर शाळेच्या पटांगणात उभा होता आणि गाव विहिरीपाशी. ड्रायव्हर नळी धरून मातीवर पाणी मारत होता. साहेबांच्या जीपनं धुरळा उडू नये, म्हणून सडा घालायचा होता म्हणे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! रुद्राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिची आई गुरम्मा पहाटेपासून घागर घेऊन विहिरीच्या काठावर बसली होती. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि मग बायका दोर सोडायच्या. दुष्काळानं गावाला हीच रीत लावली होती. आज टँकर तिकडे फिरकलाच नाही. शाळेत येताना रुद्राणी तिथं थांबली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तू जा बाई. साहेबापुढं नीट बोल. पाण्याचं मी बघते."

नीट बोलायला कारण होतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या नव्या, खुर्च्या नव्या, आता त्यांवर बसायला माणसं हवी होती. तरुणांना सरकारी नोकरीची वाट दाखवत कचेरीतले अमृतराव साहेब गावोगाव फिरत होते. रुद्राणी ही गावातली बारावी झालेली पहिली मुलगी. तिचे वडील सिद्रामप्पा, गावचे सरपंच, महिनाभर तिला एकच सांगत होते, की साहेबांच्या डोळ्यात भर. नोकरी लागली नाही तर उदगीरचं स्थळ पक्कं होतं. रुद्राणीला ते लग्न नको होतं, नोकरी हवी होती, फार हवी होती.

अमृतराव आले. ओल्या मातीवरून चालत गेले, हार घालून घेतला आणि बोलायला उभे राहिले. परीक्षा कशी असते, अभ्यास कसा करायचा, वशिला कसा चालत नाही, सगळं त्यांनी सरळ सांगितलं. शेवटी विचारलं, "सरकारी नोकरीत का यावंसं वाटतं? सांगा बघू कुणीतरी."

हेडमास्तर शेषेरावांनी रुद्राणीला खूण केली. देशाची सेवा, गावाचा विकास, असं उत्तर त्यांनी तिच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं. ती उभी राहिली, पण त्यातला एक शब्द तिच्या तोंडून निघेना. पायाखालचा चिखल बघून तिला संताप येत होता.

"गावाचं प्यायचं पाणी हितं मातीत ओतलंय, साहेब," ती म्हणाली. "मही माय पहाटंपसून विहिरीवर बसून हाय. असं करायची कुणाची छाती होऊ नये, म्हणून यायचंय मला नौकरीत."

अमृतरावांनी प्रथमच खाली पाहिलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "दुष्काळात टँकर वळवणं गुन्हा आहे. कुणी वळवला, नाव सांगा. आत्ताच पंचनामा करतो."

रुद्राणीनं शेषेरावांकडे रोखून पाहिलं. सकाळपासून ड्रायव्हरला हातवारे करत तेच तर फिरत होते. शेषेरावांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं.

पुढच्या रांगेतून सिद्रामप्पा उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"म्या सांगितलं, साहेब. मास्तरचा दोष न्हाई. तुमी खूश झाले तर पोरीचं काम हुईल, असं वाटलं."

रुद्राणीचा राग विझला नाही, उलट भडकला. आईच्या घागरीतलं पाणी तिच्याच नावानं ओतलं होतं, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

अमृतरावांचा चेहरा मवाळ झाला. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "जाऊ द्या, सरपंच. बापाचं काळीज आहे. पुन्हा असं करू नका. मुलगी चुणचुणीत आहे तुमची, अर्ज करायला सांगा तिला."

माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शेषेरावांनी टाळ्यांसाठी हात उचलले. सिद्रामप्पांनी लेकीला डोळ्यांनीच बस म्हणून सांगितलं.

रुद्राणी बसली नाही.

"पेन उघडा, साहेब," ती म्हणाली. "टँकर वळवला सिद्रामप्पा खानापुरे यांनी. साक्षीदार, रुद्राणी सिद्रामप्पा खानापुरे."