आठ पोरांचा बाप

त्या प्रोग्रॅमरने एका दमात आठ पोरं जन्माला घातली आणि चहा निवायच्या आत सगळी कामाला जुंपली. संगणकातली पोरं ती. मूळ प्रोग्रॅम त्यांचा बाप. प्रत्येकाने आपापलं गणित सोडवायचं आणि उत्तर सामायिक मेमरीत ठेवायचं, बापाने ते उचलायचं, एवढाच कारभार. पण तासाभरात आठही ठप्प व्हायची. चूक शोधत चार दिवस तो प्रोग्रॅमर जेवणाच्या टेबलाशीच ठाण मांडून बसला होता.

मधे एकदा मुलगी आली. "बाबा, कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म आहे. फक्त एक सही हवी."

"ठेव तिथे, बघतो," तो मान वर न करता म्हणाला. तिने फॉर्म कीबोर्डखाली सरकवला.

पाचव्या दिवशी चूक सापडली. स्वारी खुशीत आली, आणि त्याने मुलीलाच हाक मारली. "पोरांना उगाच शिव्या घातल्या बघ. ती बिचारी उत्तर ठेवून कधीची ताटकळत होती. बापच बघत नव्हता."

"मग त्या पोरांचं काय केलंत?"

"मारून टाकली. नवी आठ उभी केली. त्यात काय, चुटकीसरशी होतं."

मुलीने कीबोर्ड उचलून खालचा फॉर्म काढला. तो घाईघाईने पेन शोधायला लागला.

"राहू द्या. मुदत काल संपली." तिने फॉर्मच्या चार घड्या घातल्या आणि तो त्याच्या कपाखाली ठेवला. "टेबलावर चहाचे डाग पडतात, बाबा."