घारापुरीला हत्ती नाही

होडी धक्क्याला लागली तशी दादूमामाने आधी स्वतः उडी मारली आणि जमुनाचा हात घट्ट धरला. ती जणू पळूनच जाणार होती. पळणार तरी कुठे? चहूकडे खाडीचं पाणी.

"चला, हत्ती बघून येऊ," असं म्हणून मामाने मायलेकींना उलव्याहून आणलं होतं. पण जमुना दहावी पास झालेली मुलगी. घारापुरीचा हत्ती दगडाचा, आणि तोही साहेबाच्या राज्यात मुंबईला गेला, हे तिला शाळेत बाईंनी सांगितलं होतं. थाप मारायची तर जरा बघून तरी मारावी.

खरं काय ते तिला न्हाव्याच्या बंदरावरच कळलं होतं. मामाच्या पिशवीत वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं होतं. कागद फाटला होता तिथून हिरव्या बांगड्या दिसत होत्या.

शेतात नव्या शहराचे खांब रोवले गेले, तेव्हापासून मामाला बहिणीच्या घराची काळजी लागली होती. जमुनाचा बाप जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यात आता भातशेतीही जाणार. आणि काळजी लागली की मामा लग्नं जमवायचा. विधवा झालेल्या पुतळामावशीचा पाट त्यानेच लावून दिला होता. दुसऱ्या लग्नानंतर मावशी कशी सुधारली, ते होडीतही सांगत बसला.

"लय सुखात हाय पुतळा."

"गप रे, पोर बसलीय," जमुनाची आई, बयाबाई, म्हणाली.

धक्क्यावर एक माणूस वाट बघत उभा होता. चाळिशीचा, मोठ्या मिशांचा, नवा सदरा घातलेला. "हे गोटीराम," मामा म्हणाला. "मोऱ्या बंदराचे. सोताचा मचवा हाय. मागल्या सालात घरवाली वारली यांची."

बिजवर. पोरगी बघायला माणसं घरी येतात, चहा-पोहे खातात. घरी आला असता तर ती मागल्या दाराने सटकली असती. मामा तिला ओळखून होता, म्हणून तर हे बेट. ओहोटी लागली होती. होड्या आता चिखलात बसणार, आणि भरती येईपर्यंत कुणाची सुटका नाही.

"पदर नीट घे," पायऱ्या चढताना मामा पुटपुटला. जमुनाने मुद्दाम आपला पदर घसरू दिला. आईने मात्र स्वतःचा मुकाट सावरला. ती आज भावाच्या शब्दाबाहेर नव्हती, आणि जमुनाला त्याचाच जास्त राग आला.

लेण्यात गार अंधार होता. शंकर-पार्वतीच्या लग्नाच्या मूर्तींपाशी गोटीराम थांबला. मान खाली घातलेली पार्वती, मागून तिला पुढे सारणारा बाप. जमुनाला बघवेना.

"पुढं शिकाचं हाय का?" त्याने विचारलं.

"मास्तरीन व्हायचंय मला."

"मंग व्हायाचं की. पनवेलला ऱ्हायाची सोय करू."

लग्नाआधी सगळेच असं बोलतात. शेजारच्या सरस्वतीलाही शाळेत घालतो म्हणून नेलं होतं. ती आता दिवसभर कोळंबी सोलते.

दुपारी झाडाखाली भाकरी आणि सुके बोंबील सोडले. आईने सगळ्यांना वाढलं. तिच्या मनगटावर तव्याचा जुना डाग होता, तो ती पदराने झाकू पाहत होती.

"भाकऱ्या कोनी केल्या?" गोटीरामने विचारलं.

"घरच्याच हायत," मामा म्हणाला.

तेवढ्यात एका माकडाने गोटीरामच्या हातातली भाकरी पळवली. आई तोंडावर हात ठेवून हसली. कितीतरी वर्षांनी हसली. जमुनाला वाटलं, मला इथे खड्ड्यात लोटतायत, आणि हिला हसू सुचतंय.

जेवणं झाल्यावर मामा आणि आई टाक्यावरून पाणी आणायला गेले. आता नाही तर कधीच नाही.

"तुमाला एक सांगते," ती गोटीरामला म्हणाली. "मामा सांगाचा नाय. आमच्या घरात फेपरं हाय. मला येतं. आयेकडनं आलंय. तिला तर लय वाईट येतं, चुलीवरच पडते. तिचा हात बघितला ना?"

गोटीराम टाक्याकडे बघत राहिला. आई वाकून कळशी भरत होती.

"माजी पयली त्यातच गेली," तो हळूच म्हणाला. "खाडीत पडली. मी मचव्यावर व्हतो."

बाण अंधारात मारला आणि नेमका लागला. जमुनाला क्षणभर वाईट वाटलं, क्षणभरच.

भरती आली. गोटीरामने मामाला बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं आणि मोऱ्याच्या होडीत जाऊन बसला. निरोपसुद्धा घेतला नाही. मामाचा चेहरा पार उतरला.

परतीच्या होडीत जमुनाला वारा गोड लागत होता. मामाने पुडकं काढलं आणि आईच्या मांडीवर टाकलं. कागद सुटला. जमुनाने हसत एक हिरवी बांगडी उचलून हातात घातली. ती सुळकन कोपरापर्यंत गेली.

"माप तरी विचाराचं व्हतं मामा."

आईने ती बांगडी काढून घेतली आणि स्वतःच्या मोकळ्या हातात सरकवली. तव्याच्या डागापाशी ती बरोब्बर बसली. आई बांगडीकडे बघत राहिली, मग हलकेच उतरवून तिने ती पुन्हा कागदात ठेवली.

"पाटाची बोलनी गावात करत नाय, म्हनून एवढी खाडी वलांडली," मामा पाण्याकडे बघत म्हणाला. "पोरीला पन मास्तरीन करतो म्हनला व्हता. बये, तुला फेपरं येतं असं त्याला कोनी सांगितलं गं?"