शीळफाट्याला तुटलेला बेल्ट

"गॅरेजला का नाही देत, बाबा?" संचितानं तिसऱ्यांदा विचारलं.

"घरी होतं," उत्तमराव म्हणाले आणि जॅकचा दांडा फिरवत राहिले.

डोंबिवलीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी वर्षभर झाकून उभी होती. आता ती संचिताला द्यायची ठरली होती. घोडबंदरहून ऐरोलीच्या ऑफिसला जाताना तिचे रोज हाल व्हायचे. नवी बॅटरी कालच बसली. इंजिन चालतं ठेवणारा टायमिंग बेल्ट तेवढा राहिलेला.

त्या बेल्टचं नाव घरात कुणी काढत नसे. गेल्या वर्षी, हॉस्पिटलच्या कित्येक वाऱ्यांनंतर, आईला पुन्हा धाप लागली. बाबा तिला घेऊन नवी मुंबईच्या हॉस्पिटलला निघाले आणि शीळफाट्याला बेल्ट तुटून गाडी बंद पडली. ट्रॅफिकमधून ॲम्ब्युलन्स पोचली तेव्हा आई गेलेली होती. "बदलायचा, बदलायचा म्हणत राहिलो. चूक माझीच," एवढंच बाबा बोलले. संदेशनं, तिच्या भावानं, त्या दिवसापासून बापाशी बोलणं टाकलं. संचिता येत राहिली, पण जेवून लगेच निघायची. आज मात्र ती न कळवता मदतीला आली होती.

चाक निघालं. इंजिनाच्या बाजूचं प्लास्टिकचं कव्हर सैल झालं. बाबांचा हात थांबला.

"संचू, वर जाऊन चहा टाक गं."

"हे होऊ दे की आधी."

"आधी चहा."

थर्मास घेऊन ती खाली आली तेव्हा नवा बेल्ट चढलाही होता. बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"ताण असा बघायचा. दोन बोटांत धर आणि पीळ. पाव वळसा फिरला की बरोबर. फार घट्टही नको."

तिनं पिळून पाहिला. त्यांनी नट आवळला, पान्यानं इंजिन हातानंच दोन फेरे फिरवलं, चष्मा कपाळावर सरकवून खुणा जुळल्यात का ते पाहिलं.

"एवढंसंच काम होतं," तिच्या तोंडून गेलं. "तेव्हा का नाही केलंत?"

"नाही झालं खरं," बाबा म्हणाले.

चाक चढवून त्यांनी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

ती पसारा आवरायला लागली. डिक्कीमागे वर्तमानपत्राचं एक पुडकं होतं.

"ते राहू दे. मी टाकतो."

पण कागद फाटला आणि जुना बेल्ट तिच्या हातात आला. झिजलेला, भेगाळलेला. तिनं तो बोटांमधून हळूहळू फिरवला, एकदा, मग पुन्हा. सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, अख्खा होता.

"बाबा?"

त्यांनी इंजिन बंद केलं.

"तुझी आई म्हणाली, 'अहो, गाडी बाजूला घ्या. आता हॉस्पिटल नको. आणि पोरांना सांगू नका, मीच नको म्हटलं म्हणून.'"