चटई एकदाच उचलतात

“कट! फेतूबाई, त्यांना सांगा, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही,” पेसामिनो कॅमेऱ्यामागून म्हणाला.

“त्याला सांगा, कॅमेऱ्याकडे बघतंय कोण?” लेओता म्हणाले.

बाप-लेक चार पावलांवर उभे होते. मधे शाळेच्या फेतूबाई. पेसामिनो नऊ वर्षांपूर्वी बापाला न विचारता ऑकलंडला निघून गेला, आणि आईच्या मातीलाही आला नाही. तेव्हापासून लेओता त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तो परत येऊन आठवडा झाला होता. सगळं बोलणं बाईंच्या मार्फत चाललं होतं.

चित्रपट हा बाईंचाच हट्ट. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला पोटाशी धरतो, ही बायबलमधली गोष्ट त्या दरवर्षी मुलांना पडद्यावर दाखवायच्या. पडद्यावर वाळवंट, उंट, लांब दाढ्या. एकदा एका मुलीने विचारलं, “बाई, देवाला आपलं सामोआ माहीत नाही का?” बाईंनी त्याच दिवशी पेसामिनोला पत्र टाकलं, तिकडे तो चित्रपट काढायचंच काम करत होता. चित्रपटातला बाप झाले गावप्रमुख लेओता. मुलगा झाला फिलिपो, चर्चमधल्या गायकांतला एक दांडगा गडी. आणि शेवट सामोआतला: अपराधी घरासमोर डोक्यावरून बारीक विणीची चटई घेऊन बसतो. घरच्या कर्त्याने ती उचलली, की माफी.

चटई लेओतांनी छान उचलली होती. नजर मात्र फिलिपोवर न जाता कॅमेऱ्याच्या मागे गेली होती.

“पुन्हा घेऊ म्हणावं,” पेसामिनो म्हणाला.

“जमायचं नाही म्हणावं. चटई एकदाच उचलतात. फिलिपोला माफी मिळाली.”

“मी बसतो की परत,” फिलिपो म्हणाला. “मला काय, चालेल.”

“तुला चालेल रे, चटईला चालत नाही. आणि परत माफ करावं असं तू केलंयस तरी काय?”

फिलिपोने मनापासून विचार केला. “काल तुमच्या माडाचे दोन नारळ पाडले.”

“ते मघाशीच माफ झाले.”

कडेला बसलेली पोरं खदखदून हसली. पेसामिनो हसला नाही. “बाई, विचारा त्यांना, रविवारी चर्चमध्ये या पोरांना दाखवायचं काय?”

लेओतांनी हातातली चटई खाली ठेवली.

“सांगा त्याला. ज्याची माफी राहिली आहे, त्याला बसव म्हणावं.”

बाईंनी हा निरोप पोचवला नाही. तो पोचला होता.

पेसामिनोने कॅमेरा बाईंच्या हातात दिला. “हे लाल बटण. मी उठेपर्यंत बंद करू नका.” त्याने बूट काढले, अंगणात मांडी घातली आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली.

लेओता आत गेले. ऊन चढलं. घराला भिंती नव्हत्या, खांबांमधून ते सगळ्यांना दिसत होते. निवांत कोको पीत बसले होते. एक पेला संपला. त्यांनी दुसरा भरला.

“बाई, बॅटरी संपेल,” फिलिपो कुजबुजला.

“गप रे.”

दुसरा पेला लेओतांनी तोंडाला लावलाच नाही. तो तसाच ठेवून ते उठले, अंगणात आले आणि त्यांनी चटई उचलली.

“केस पिकले की रे तुझे,” ते म्हणाले.

पेसामिनोने मान वर केली. मग नेहमीच्या सवयीने तो वळला. “बाई, त्यांना सांगा, मी...”

“फेतूबाई,” लेओता म्हणाले, “तुम्ही आता घरी जा. आम्हाला बोलता येतं.”